पापाचं दुःख होणं म्हणजेच पश्चात्ताप का?

केलेल्या पापाबद्दल मनाला फार लागलं, रडू आलं, तर ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तोच पश्चात्ताप का, असं तुम्ही विचारलंय. मी ख्रिस्ती आहे आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. दुःखातून पश्चात्ताप होऊ शकतो, पण तेच दुःख माणसाला गिळूही शकतं. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) येशूचा प्रेषित पौल दोन्ही वाटा सांगतो: देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे, म्हणजे पापातून सुटकेकडे, नेतं, जगाचं दुःख मरणाकडे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे अध्याय सलग वाचा. यहूदा आणि पेत्र हे दोघेही येशूचे शिष्य. यहूदाने येशूला शत्रूंच्या हाती धरून दिलं, त्याच रात्री पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारलं. पस्तावा दोघांनाही झाला. वरवर पाहिलं तर यहूदाने पेत्रापेक्षा जास्तच केलं. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं त्याने तोंडाने कबूल केलं, त्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणीही परत केली. पेत्र नुसता बाहेर जाऊन रडला. तरी यहूदाने गळफास घेतला.

यहूदा आपलं पाप घेऊन, ज्यांनी ती नाणी दिली त्या याजकांकडे (मंदिराच्या पुरोहितांकडे) गेला होता आणि "आम्हाला त्याचं काय? तुझं तू बघ," म्हणत त्यांनी हात झटकले. मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो. पेत्र मात्र इतर शिष्यांबरोबर राहिला. येशू मेलेल्यांतून उठल्यानंतर, किनाऱ्यावर प्रभू उभा आहे हे कळताच त्याने सरळ पाण्यात उडी घेतली (योहान २१). तिथे येशूने त्याला तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रेम करतोस का?" तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला, असं योहान मुद्दाम नोंदवतो. येशूने जखम तशीच झाकून टाकली नाही, आणि त्याच वेळी मेंढरं राखायचं, म्हणजे आपल्या लोकांना सांभाळायचं, कामही त्याच्यावर सोपवलं. पश्चात्ताप म्हणतात तो मला इथे दिसतो: दुःख घेऊन प्रभूकडे वळणं.

अश्रू आलेच पाहिजेत असंही नाही. जक्कय नावाचा जकातदार येशूला भेटला तेव्हा रडल्याची नोंद नाही. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन, असं तो म्हणाला (लूक १९).

आणि कुणी जवळचं गेल्याचा शोक करत असाल, तर त्यात पश्चात्ताप करण्यासारखं काही नाही. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला.

मंडळीचीही, म्हणजे चर्चमधल्या विश्वासी लोकांचीही, यात जबाबदारी आहे. चुकलेल्या माणसाला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल, असं पौलाने त्याच पत्रात (२:७) बजावलंय. तुम्ही स्वतःविषयी विचारत असाल आणि आपल्याला क्षमा नाहीच असं वाटत असेल, तर एकटे राहू नका. पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) किंवा विश्वासातल्या माणसाशी आजच बोला. त्यांनी हात झटकले, तर दुसऱ्या कुणाकडे जा. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर त्याबरोबरच डॉक्टरांकडेही लगेच जा.