फेजची वर्गवारी: नुसतं नावं ठेवण्याचं काम?

प्रश्न: मी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. टोमॅटोच्या मर रोगाचा जीवाणू, राल्स्टोनिया, याच्यावर वाढणारे फेज, म्हणजे जीवाणूंना लागण करणारे विषाणू, वेगळे करण्याचा प्रकल्प केला. आता जीनोमवरून त्यांचं वर्गीकरण शिकायचंय. घरचे म्हणतात, विषाणूंना नावं देत बसून पोट भरतं का? शिवाय मला कोडिंग येत नाही.

उत्तर: नाव देणं हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. खरा प्रश्न असतो तो हा की फेज कोणाच्या गोतावळ्यातला, आणि तो पिकावर फवारण्याजोगा आहे का. जीनोममध्ये इंटिग्रेजचं जनुक सापडलं, तर तो जीवाणूला मारायचं सोडून त्याच्याच डीएनएत मुक्काम ठोकण्याची शक्यता असते. फवारणीसाठी तो बाद. राल्स्टोनियावर धाग्यासारखे फेजही वाढतात. ते पेशी न फोडताच बाहेर पडतात, आणि त्यातल्या आरएसएस-१ मुळे जीवाणू उलट जास्त आक्रमक होतो असं दिसलं आहे. वर्गवारी चुकली की औषध म्हणून रोगाला खतपाणी घातलं जातं.

तुझ्या पाठ्यपुस्तकात बहुधा अजून मायो, सायफो, पोडो ही शेपटीच्या ठेवणीवरून केलेली तीन कुळं असतील. आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीने ती 2022 मध्ये रद्द केली. मुलाखतीत जपून. शेपटीचं वर्णन करायला ते शब्द चालतात, कुळ म्हणून नाही. जीवाणूंना जसं 16एस जनुक आहे, तसं सगळ्या फेजमध्ये सापडणारं एकही जनुक नाही. म्हणून संपूर्ण जीनोमचं साम्य बघतात: 95 टक्क्यांच्या वर एकच प्रजाती, साधारण 70 टक्क्यांच्या वर एकच वंश.

नवशिके घसरतात ते नेमके इथे. समज, ब्लास्टने (दोन जीनोमचे क्रम जुळवून बघणारं साधन) 93 टक्के साम्य दाखवलं. झालं, वंशाचं नाव लिहून मोकळे! पण शेजारच्या रकान्यात व्याप्ती 58 टक्के आहे. म्हणजे जीनोमचा जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त भागच जुळला. 93 गुणिले 58 भागिले 100, हाती आले सुमारे 54. वंश वेगळा. त्यात आणखी एक खोच: तुझा जीनोम 40 हजार बेसचा, समोरचा 60 हजारांचा आणि तुझा पूर्ण जुळला, तर तुझ्या बाजूने व्याप्ती 100 आणि त्याच्या बाजूने जेमतेम 67. म्हणून दोन्ही लांब्या हिशोबात धरणारं व्हिरिडिक हे सॉफ्टवेअर वापरतात. गणित लागतं ते एवढंच, पण ते डोळसपणे करावं लागतं.

बाकीचे घोटाळे बहुतेक प्रयोगशाळेतूनच आलेले असतात. डीएनए काढण्याआधी डीएनेज टाकून जीवाणूचा मोकळा डीएनए पचवला नाही, की निम्मा डेटा यजमानाचा. एकाच प्लाकवरून (फेजने जीवाणू मारल्यामुळे थरात पडणारा पारदर्शक ठिपका) किमान तीनदा शुद्धीकरण केलं नाही, की जुळणीत, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांतून जीनोम उभारताना, दोन फेजची खिचडी. कव्हरेज (जीनोमचा प्रत्येक भाग सरासरी किती वेळा वाचला गेला) हजारपट मिळालं म्हणून हरखू नकोस. जास्त डेटात चुकाही जास्त असतात आणि जुळणीचे तुकडे पडतात. शंभरपटीइतकाच भाग निवडून घ्यावा.

कोडिंगची धास्ती नको. लिनक्सच्या कमांड आणि थोडं पायथन किंवा आर, एवढ्यावर सुरुवात होते. आधी स्वतःची परीक्षा घे. डिकेया किंवा झँथोमोनास या जीवाणूंच्या एखाद्या प्रकाशित फेजचा कच्चा डेटा सार्वजनिक संग्रहातून उतरव. स्पेड्सने जुळव, फारोकाने जनुकं ओळख, मग दहा-पंधरा नातलग घेऊन व्हिरिडिक चालव आणि टर्मिनेजच्या (फेजचा डीएनए कवचात भरणारं प्रथिन) मोठ्या घटकावरून वंशावळीचं झाड काढ. तुझं उत्तर प्रकाशित उत्तराशी ताडून बघ. नकाशा उलटासुलटा दिसला तर दचकू नकोस. जुळणी जीनोम कुठूनही सुरू करते, आरंभबिंदू आपणच लावून घ्यायचा. कुठे 68 टक्के आले आणि झाड, जनुकांचा क्रम हे सगळं पुन्हा चाळावंसं वाटलं, तर हे काम तुझं. नुसता वैताग आला, तर दीड महिन्यात कळलं, दोन वर्षं वाचली.

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘फेज वर्गीकरणतज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसू नकोस. जागा निघतात त्या जैवमाहितीशास्त्र, सूक्ष्मजीव जीनोमिक्स, वनस्पतिरोगशास्त्र या नावांनी आणि जैविक कीडनाशक कंपन्यांत. अमेरिकेत ॲग्रिफेज या उत्पादनाला 2005 मध्येच नोंदणी मिळाली. अशा उत्पादनाच्या फेजमध्ये विषारी किंवा प्रतिजैविकरोधी जनुकं नाहीत ना, हे जीनोम वाचूनच दाखवता येतं. स्वतंत्र संशोधन करायचं तर पीएच.डी. लागेलच, डेटा विश्लेषणाचं काम एम.एस्सी.वरही मिळू शकतं. एम.एस्सी.ची प्रयोगशाळा निवडताना एकच विचार: जीनोमचं विश्लेषण विद्यार्थी करतात की बाहेरून करून आणतात? बाहेरून आणत असतील तर दुसरी बघ.

आणि प्रकल्प संपला म्हणून तुझे फेज सिंकमध्ये ओतू नकोस. गाळलेला द्रव 4 अंशांवर ठेव. राल्स्टोनिया मात्र त्याच फ्रीजमध्ये ठेवलास तर लवकर मरेल; तो निर्जंतुक पाण्यात, खोलीच्या तापमानाला टिकतो, आणि दुसरी कुपी ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर. हा यजमान गेला, तर फेज असूनही वाढवता येणार नाही.