जुन्या कॅम्परचे कुजलेले लाकूड आणि सैल पत्रा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या जुन्या कॅम्परच्या (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) खिडकीखालचे लाकूड बोटाने दाबले तरी आत जाते. तेवढ्याच भागात एपॉक्सीची (दोन द्रव मिसळून कडक होणाऱ्या चिकट पदार्थाची) लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर चालेल का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : नाही. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि लाकडातील ओलावा साधारण 20 टक्क्यांहून अधिक राहिला की ती फोफावते. ओल्या लाकडावर लांबी भरली, तर ओल आत कोंडली जाऊन वरून गुळगुळीत दिसणारा भाग आतून कुजतच राहतो. म्हणून आधी पाणी कोठून शिरते ते शोधावे. ते खिडकीतूनच येते असे गृहीत धरू नये. छताच्या कडेच्या पट्टीतून शिरलेले पाणी सांगाड्याच्या उभ्या दांड्यावरून उतरत खिडकीपाशी येऊन थांबते. एकाने आत बसून पाहावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याचा पाइप खालून सुरू करून सावकाश वर न्यावा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचत जाऊन कठीण लाकूड लागेपर्यंत खूण करावी आणि त्याही पुढे सुमारे 15 सेंमी कापावे. भिजलेले थर्माकोल किंवा काचलोकर काढून टाकावी. छताला आतून टेकू द्यावा आणि एका वेळी एकच दांडा बदलावा, अन्यथा सांगाड्याचा काटकोन बिघडतो व दार लागेनासे होते. एपॉक्सी वापरायची असेल, तर ती पूर्ण वाळलेल्या लाकडातील स्क्रूच्या जुन्या भोकांसाठी वापरावी.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली आहे. सगळीकडे सिलिकॉनचे सीलंट (फट बुजवणारा लेप) लावून टाकू का? (ऐरोली)

उत्तर : ही भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असताना ओल मिळाली की ॲल्युमिनियम झिजते, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ही झीज लवकर होते. लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे बसवावेत आणि प्रत्येकाखाली सीलंट लावावे. आडव्या पट्ट्यांचा पत्रा वरून खाली उतरवावा व खालून वर चढवावा, म्हणजे वरची पट्टी खालचीवर येऊन पाणी बाहेर पडते; उतरवतानाच मागच्या बाजूला क्रमांक लिहावेत. कडेच्या पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावावी. सिलिकॉनला माझा विरोध आहे, कारण त्याचा पापुद्रा राहिला तर पुढे तेथे ना रंग धरतो, ना दुसरे सीलंट.

प्रश्न : प्लायवूड कोणते घ्यावे? (वाशी)

उत्तर : आयएस 710 (भारतीय मानक) शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्यावे. ‘एमआर’ (ओलावारोधक) दर्जाचे स्वस्त असले, तरी त्याचा चिकटा सततच्या ओलीत टिकत नाही. कापलेल्या कडा मात्र कोणत्याही प्लायवूडच्या पाणी पितात. त्या बसवण्यापूर्वीच एपॉक्सीने बंद कराव्यात.

प्रश्न : हे काम आत्ता, जुलैत उरकता येईल का? (खारघर)

उत्तर : आत्ता ताडपत्री घालावी, पण ती पत्र्याला चिकटू न देता, हवा खेळेल अशी. सांगाडा दिवाळीनंतर उघडावा आणि काही आठवडे वाळू द्यावा.