भोपाळच्या विधानसभेत पास होणाऱ्या कायद्यांचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "इंदूरात काय किंवा कुठेही काय, शेवटी काम ओळखीनेच होतं." या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. आमच्या इंदूरच्या रामबागेत एक गृहस्थ गेली दहा वर्षं हेच ऐकवताहेत आणि गेली दहा वर्षं मी त्यांना सांगतोय की ते चूक आहेत.

संबंध कुठे येतो ते आधी पटकन सांगतो. घराचा संपत्ती कर १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमाखाली लागतो. दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, १९५८ च्या कायद्यातला. जुन्या वाड्यांतली मालक-भाडेकरू भांडणं १९६१ च्या. पण सरकारी खिडकीपलीकडच्या माणसाला ठरलेल्या तारखेपर्यंत काम करून द्यायला बांधलं ते लोक सेवा गारंटी अधिनियम, २०१० ने. असा कायदा करणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य, आणि हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला प्रवेशासाठी मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला, हवं होतं. वडिलांनी लोक सेवा केंद्रात अर्ज दिला, रसीद घेतली, घडी घालून पाकिटात ठेवली. तीन आठवडे चकरा. रोज एकच उत्तर, "फाईल वर आहे." गृहस्थ म्हणाले, कुणाला तरी फोन लावा. मी म्हटलं, आधी ती रसीद दाखवा.

रसीद उघडली तर तारखेचा रकाना कोरा! खाली पेनाने दोनच शब्द, "दस्तावेज अपूर्ण". कोणता दस्तावेज, ते नाही. सगळं इथेच अडतं. अर्ज पूर्ण असेल तर रसीदीवर सेवा मिळण्याची तारीख लिहावी लागते. काही कमी असेल तर काय कमी आहे ते लिहितात आणि तारीख घालत नाहीत. तारीख नाही म्हणजे मुदत सुरूच झाली नाही, मुदत नाही म्हणजे उशीर नाही, आणि उशीर नाही तर अपील कशावर करणार? वडील तीन आठवडे वाट बघत होते, पण नियमाच्या हिशेबाने अजून एक दिवसही उजाडला नव्हता.

कमी काय होतं? नाव जुळत नव्हतं. आपल्या मराठी घरांत हे हमखास होतं. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या शाळेत मार्कशीटवर नाव आणि आडनाव एवढंच जातं. मुलीच्या आधारवर तिन्ही होती, समग्र आयडीत (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) दोनच. आधी समग्रमध्ये आधारवरून ई-केवायसी करून नाव सारखं केलं, मग कागद पुन्हा दिले आणि नवी रसीद तारखेसकट घेतली. तारीख लिहून मिळेपर्यंत वडील खिडकीवरून हलले नाहीत. तेवढंच करायचं होतं.

ती तारीखही टळली. तेव्हा एक पानी प्रथम अपील दिलं आणि सुनावणीच्या आधीच प्रमाणपत्र आलं. कुणालाही फोन केला नाही.

कारण सरळ आहे. मूल निवासीला तहसीलदाराने उशीर केला तर पहिलं अपील एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे), मुदत टळल्यापासून किंवा अर्ज फेटाळल्यापासून ३० दिवसांत. तिथेही काही झालं नाही तर दुसरं अपील कलेक्टरकडे, पहिल्याच्या निर्णयापासून ६० दिवसांत. दुसऱ्या अपिलात उशिराबद्दल दर दिवशी २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो, म्हणजे वीस दिवसांत कमाल गाठते. सेवा दिलीच नाही तर ५०० ते ५,००० एकरकमी. हा दंड खात्याला नाही, त्या अधिकाऱ्याला बसतो, आणि त्यातून अर्जदाराला भरपाईही देता येते. ओळख लावली की तुमचं एक काम होतं. अपील केलं की त्या टेबलावरच्या पुढच्या दहा अर्जांनाही जाग येते. गृहस्थांना मी हेच सांगत आलोय.

लोक आणखी एक चूक करतात, सीएम हेल्पलाईनच्या १८१ नंबरवर तक्रार टाकून निश्चिंत बसतात. हेल्पलाईन वाईट नाही, पण ती तक्रार म्हणजे अपील नव्हे. ती एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर फिरते, कधी फोर्स क्लोज होते, म्हणजे तुम्हाला न पटताच बंद केली जाते, आणि तोवर तुमचे ३० दिवस निघून जातात. उशिराचं सबळ कारण दिलं तर नंतरही अपील घेता येतं, पण ते मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात. तक्रार करायची असेल तर करा, अपील मात्र वेगळं द्या.

आता मर्यादा. कायदा विधानसभेने केला, पण कोणती सेवा त्यात येते आणि किती दिवसांत, हे सरकार अधिसूचनेने ठरवतं. तुमचं काम त्या यादीत नसेल तर वरचं काहीच लागू नाही, म्हणून आधी केंद्रातला फलक वाचा. दिवस मोजताना सार्वजनिक सुट्ट्या धरत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात घाईने दिलेलं अपील मुदतीआधीचं ठरतं. आणि "पुरेसं कारण" दाखवलं तर अधिकारी दंडातून सुटतो, ही पळवाट खरी आहे.

अपिलात फार काही लिहावं लागत नाही. तुमचं नाव-पत्ता, कोणती सेवा, रसीदीचा क्रमांक आणि तारीख, मुदत कधी टळली, काय हवंय. सोबत रसीदीची झेरॉक्स. मूळ रसीद कुणालाही देऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का घेऊन ती घरी ठेवा. अपिलाला फी नाही. कुणी मागितलीच, तर तिचीही रसीद मागा.