लँगम्यूर प्रोबवर ऋण व्होल्टेज वाढवत नेलं तरी आयन करंट सपाट का होत नाही?

लँगम्यूर प्रोब म्हणजे प्लाझ्मात (आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वायूत) घातलेली धातूची तार किंवा चकती; तिला व्होल्टेज देऊन करंट मोजतात आणि त्यावरून प्लाझ्माची घनता आणि इलेक्ट्रॉन तापमान काढतात. तुमचा आयन करंट वाढतच राहतो, आणि त्यामुळे तापमान चुकेल अशी तुम्हाला भीती आहे. प्रोब बिघडलेला नाही. तुमची तार ०.२ मिमी जाडीची आहे, आणि इतक्या बारीक तारेवर आयन करंट सपाट होतच नाही.

ऋण व्होल्टेजमुळे इलेक्ट्रॉन मागे लोटले जातात आणि तारेभोवती धन आयनांचं आवरण उरतं. हेच शीथ. व्होल्टेज जितकं ऋण, तितकं ते जाड. मोठ्या चकतीला याचा फारसा फरक पडत नाही, तारेला पडतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर, म्हणजे इलेक्ट्रॉन तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि घनता दर घनसेंटीमीटरला १००० कोटी, डिबाय लांबी (ज्या अंतरात प्लाझ्मा विद्युतक्षेत्र झाकून टाकतो ते अंतर) सुमारे ०.१३ मिमी येते. प्लाझ्मा विभवाच्या (प्लाझ्माच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या) ६० व्होल्ट खाली शीथ जवळपास १ मिमी जाड होतं (सपाट पृष्ठभागाचं सूत्र वापरून, म्हणून अंदाजच). तारेची त्रिज्या मात्र ०.१ मिमी!

तरीही करंट दहापट होत नाही. शीथमध्ये शिरलेला प्रत्येक आयन तारेवर आदळत नाही. किंचित तिरका आला तर कोनीय संवेगामुळे तारेला वळसा घालून बाहेर निघून जातो. मॉट-स्मिथ आणि लँगम्यूर यांनी १९२६ मध्ये हा हिशेब मांडला. बारीक तारेसाठी त्यातून करंट व्होल्टेजच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून करंटचा वर्ग विरुद्ध व्होल्टेज असा आलेख काढा. रेष सरळ आली तर तिच्या उतारावरून थेट घनता मिळते, तापमान लागतच नाही. बोमच्या सूत्रात (ते सपाट पृष्ठभागावरचा आयन करंट देतं) तारेचं नुसतं क्षेत्रफळ घालाल तर ६० व्होल्टला घनता सुमारे तिप्पट दिसेल.

तापमान चुकेल ही तुमची भीती बरीचशी अनाठायी आहे. इलेक्ट्रॉनांच्या वेगांचं वितरण मॅक्सवेलियन (एकाच तापमानाला समतोलात असलेल्या कणांसारखं) असेल, तर प्लाझ्मा विभवाच्या खाली तारेपर्यंत पोचणारा इलेक्ट्रॉन करंट शीथच्या जाडीवर अवलंबूनच नसतो. मला या सिद्धांतातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. फक्त आयन करंट वजा करताना आडवी रेष वापरू नका, वरचीच वर्गमुळाची वक्ररेषा वापरा.

तारेची लांबी शीथच्या कितीतरी पट हवी, नाहीतर टोकाकडून येणारे आयन हिशेब बिघडवतात. दाब जास्त असेल तर आयन शीथमध्येच वायूच्या अणूंवर आपटतात आणि हे सूत्र लागू राहत नाही. आणि प्लाझ्मा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर शीथवरचं व्होल्टेजच हेलकावतं, तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. ते नंतर गणिताने सुधारत बसण्यापेक्षा प्रोबमध्येच आरएफ (रेडिओ वारंवारतेचा) फिल्टर बसवा.