संगणकाच्या साहाय्याने मुलांना समस्या सोडवायला कसे शिकवावे? खानापूर तालुक्यातील एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

आपण बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवता, शाळेला देणगीतून सहा संगणक मिळाले आहेत आणि इंटरनेटचा भरवसा नाही. अशा परिस्थितीत आठवी-नववीच्या मुलांना समस्या सोडवण्याची सवय लावण्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे, आणि त्यात वेळ दिल्याने दहावीच्या अभ्यासाचे नुकसान होईल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव तालुक्यात हेच विषय अनेक वर्षे शिकवत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अ‍ॅपच्या निवडीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकाला फळ्यापेक्षा एक गोष्ट निश्चितच चांगली जमते: मुलाने बांधलेल्या तर्काचे पुढे काय होते, हे तो त्याला तत्काळ दाखवतो, आणि तर्क चुकला तरी चारचौघांत मान खाली घालण्याची वेळ आणत नाही. पण हा लाभ मिळायचा तर मुलाने आधी तर्क केलेला असला पाहिजे. म्हणून माझ्या वर्गात एक नियम मी कधीही मोडू देत नाही. आधी अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहायचे, मगच माउसला हात लावायचा. हा नियम पाळला नाही तर मुले बटणे दाबत राहतात, कधीतरी बरोबर उत्तर पडद्यावर येते आणि डोक्यात काहीच उरत नाही.

हा धोका जुना आहे. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तेव्हा प्रोग्रॅम लिहिता लिहिता मुले सर्वच बाबतींत नियोजनबद्ध विचार करू लागतील, अशी मोठी आशा निर्माण झाली होती. पुढे 1984 च्या सुमारास रॉय पी आणि मिडियन कुर्लंड या संशोधकांनी लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातील साफसफाईच्या कामांचे नियोजन करायला दिले, तेव्हा ती लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. लोगो निरुपयोगी होती, असा याचा अर्थ मी घेत नाही. एका ठिकाणी कमावलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही आणि तो पूल शिक्षकालाच बांधावा लागतो, एवढे मात्र त्यातून मला कळले.

दुसरा प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका गटाने 1990 च्या आसपास ‘जॅस्पर’ नावाची 12 चित्रफितींची मालिका तयार केली. प्रत्येक चित्रफितीत एक गोष्ट असे, गोष्टीच्या शेवटी पात्रासमोर अडचण उभी राही, आणि ती सोडवायला लागणारी सर्व माहिती त्या गोष्टीतच विखुरलेली असे. काय शोधायचे आणि कोणते आकडे उपयोगाचे, हे मुलांनाच ठरवावे लागे. आपल्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणात दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असतो, हे मुलांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे समस्येचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे ती मांडणे, त्यांच्या वाट्याला येतच नाही.

आपल्या भागात अशी समस्या शोधायला लांब जावे लागत नाही. मी दिलेली एक समस्या सांगते. शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवले तर ते किती दिवस पुरेल? एवढाच प्रश्न फळ्यावर लिहायचा. छपराची लांबी-रुंदी मुलांनीच मोजायची, रोज पाणी किती लागते ते हात धुणे आणि मध्यान्ह आहाराची भांडी धरून विचारून काढायचे, आणि पावसाचे आकडे वर्तमानपत्रातून जमवायचे. समजा छप्पर 20 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे 160 चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यातले 20 टक्के वाया जाते असे धरले तर दर मिलिमीटरमागे 128 लिटर टाकीत येतात. टाकी 5,000 लिटरची, आणि 60 जणांना प्रत्येकी 5 लिटर म्हणजे रोजचा खर्च 300 लिटर. लिबरऑफिस कॅल्क या आकड्यांचे तक्ते करण्याच्या प्रोग्रॅममध्ये, जो मोफत आहे आणि नेटशिवाय चालतो, दर दिवसाला एक ओळ करायची: कालचे पाणी, अधिक आजची आवक, वजा आजचा खर्च. बेरीज टाकीच्या मापापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही आणि शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. यातली टाकीच्या मापाची अट मुलांना सहसा सुचत नाही. टाकीत 90,000 लिटर पाणी दिसू लागले की त्यांच्याच लक्षात येते, आणि ते त्यांच्याच लक्षात येऊ द्यावे.

खरी गंमत त्यानंतर येते. पाऊस दुप्पट झाला तर टाकी कोणत्या तारखेला कोरडी पडेल, याचा अंदाज वहीत लिहायला सांगावे. बहुतेक मुले ‘दुप्पट दिवस पुरेल’ असे लिहितात. मग ती आकडे बदलतात आणि तारीख जागची हलत नाही. “बाई, हे बिघडलंय, पाऊस वाढवला तरी तारीख तीच दाखवतंय,” असे एका मुलीने मला अगदी ठामपणे सांगितले होते. मी काहीही समजावले नाही, फक्त शेवटच्या पावसाच्या दिवशी टाकीत किती पाणी आहे ते बघायला सांगितले. टाकी भरलेलीच होती. वरून कितीही पडले तरी ते वाहून जाणार, आणि भरलेली टाकी सतराव्या दिवशी संपणार, हे तिचे तिला उमगले. मग छप्पर वाढवून पाहिले, तरी फरक नाही. टाकी दुप्पट केली, तेव्हा कुठे दिवस वाढले.

यानंतर त्याच तक्त्यात अथणीकडचा पाऊस घालावा. आपला जिल्हा यासाठी फार अनुकूल आहे, कारण मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातील अथणी तालुका अवर्षणाशी झुंजतो. 5 मिलिमीटरच्या सरीने 640 लिटर येतात, म्हणजे जेमतेम दोन दिवसांचे पाणी. तिथे टाकी भर पावसाळ्यातही मोठ्या मुश्किलीने भरते, त्यामुळे मोठी टाकी बांधून लाभ थोडा आणि छप्पर वाढवल्याने लाभ अधिक. सूत्र तेच असून अडणारी गोष्ट वेगळी, हे ज्या मुलाला एकदा दिसले, ते दुसऱ्या समस्येतही ‘इथे नेमके अडते कुठे?’ असे विचारू लागते. मात्र तो प्रश्न आपण मोठ्याने आणि वारंवार विचारायला हवा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त याच कामात लागते. 2012 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत 44 देश-प्रदेशांतील पंधरा वर्षांच्या मुलांना संगणकावर समस्या दिल्या होत्या. त्यातील एकीत माहितीपत्रक नसलेले वातानुकूलन यंत्र होते आणि तीन पट्ट्यांपैकी कोणती तापमान बदलते व कोणती आर्द्रता, हे शोधायचे होते. तिन्ही एकदम हलवणाऱ्याला काहीच कळत नाही. विजेची मंडले (सर्किट) शिकवताना फेट या कोलोराडो विद्यापीठाच्या मोफत आभासी प्रयोगांतून हाच सराव घेता येतो. त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

मुलांना किती वेळ एकटे झगडू द्यावे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. जॉन स्वेलर यांच्या मते नवख्याच्या डोक्यावरचा भार हलका करण्यासाठी आधी सोडवलेली उदाहरणे दाखवावीत, तर मनू कापूर यांनी आधी झगडू देऊन नंतर शिकवल्याने समज खोल होते असे दाखवले आहे. मी दोन्ही वापरते. कॅल्कमध्ये सूत्र कसे लिहायचे, हे सरळ दाखवून द्यावे, त्यात मुलांचा दम खर्ची घालू नये. टाकी केव्हा संपेल, हे मात्र सांगू नये.

सहा संगणक कमी नाहीत. एका संगणकाला चार-पाच मुले बसवावीत: एक माउस धरील, एक वहीत अंदाज लिहील, बाकीचे ‘हे का?’ विचारतील, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलतील. जागा बदलल्या नाहीत तर घरी मोबाइल असलेली मुलेच माउस धरून बसतात आणि मुली मागे पडतात, याकडे कृपया विशेष लक्ष द्यावे. पडद्यावरची मेनू इंग्रजी, शाळेत विषय म्हणून कन्नड आणि घरी मराठी अशी आपल्या मुलांची तारेवरची कसरत असते. म्हणून चर्चा आणि वहीतले कारण बिनधास्त मराठीत होऊ द्यावे, कारण परक्या भाषेचे ओझे वाहताना तर्क सैल पडतो. ज्याला कन्नडमध्ये सांगणे सोपे जाते त्याने तसे सांगावे.

दहावीबद्दल आपली काळजी रास्त आहे, कारण निकालाचा जाब शेवटी शिक्षकालाच विचारला जातो. पण हा तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही. वरच्या एका समस्येत क्षेत्रफळ, घनफळ, शेकडेवारी आणि आलेख एवढे आले, आणि ते वेगळे शिकवायचे तास वाचले. आठवी-नववीला आठवड्यातून एक तास आणि प्रत्येक सत्रात दोनच मोठ्या समस्या ठेवाव्यात. दहावीला नवीन काही न घेता प्रश्नपत्रिकेतील शाब्दिक उदाहरणांवर तीच सवय चालू ठेवावी: आधी अंदाज, मग रीत, शेवटी उत्तर शक्य कोटीतले आहे का याची तपासणी. गुण देताना अर्धे गुण वहीतल्या अंदाजाला आणि तो का चुकला याच्या कारणाला द्यावेत. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापू नयेत, नाहीतर मुले उत्तर पाहून मागाहून अंदाज लिहू लागतील.