अटकेची खरी वेळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वकिलीची सनद मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. राज्यघटनेतले हक्क प्रत्यक्षात राखायचे तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. अनुच्छेद २२ पासून कर. त्यातही एका साध्या प्रश्नापासून: पोलिसांनी माणसाला नेलं किती वाजता?

या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. हे २४ तास कधीपासून मोजायचे, इथेच सगळी मेख आहे. समज, एका मुलाला सोमवारी रात्री पावणेदहाला घरून उचललं. घरचे ठाण्यात गेले तर उत्तर येतं, "अटक नाही, चौकशीला बसवलंय." कागदावर अटक दाखवतात मंगळवारी दुपारी चारला आणि कोर्टात आणतात बुधवारी तीनला. कागदाच्या हिशेबाने २३ तास, खरे तास ४१. मधले अठरा तास कुठल्याच नोंदवहीत नसतात, आणि मारहाणीची भीती सर्वांत जास्त असते ती त्याच तासांत. माणसाला अडवून ठेवलं तिथेच अटक सुरू होते, पोलिसांनी ती कधी दाखवली याने फरक पडत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलंय. पण ते कोर्टाला पटवायला पुरावा हवा.

म्हणून रात्री फोन आला की घरच्यांना आधी ११२ ला फोन करायला सांग. त्या कॉलची वेळ नोंदली जाते. पाठोपाठ तू स्वतः पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना चार ओळींचा ईमेल कर: कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी नेलं. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी मागून घे, कारण काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं. ठाण्यातलं चित्रण निदान वर्षभर जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. तरी पहिल्याच रिमांडला, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याकडे कोठडी मागतात त्या सुनावणीला, ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज दे. उशीर केलास तर "यंत्र बंद होतं" एवढंच उत्तर हाती येईल.

मग अटकेचा पंचनामा बघ. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या निकालातली ही अट आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे: घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही. सही आधी आणि वेळ मागाहून, असं होतं. वेळेचा रकाना कोरा असेल तर सही करू नये, हे घरच्यांना आधीच बजावून ठेव.

अटकेची कारणं लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्वच गुन्ह्यांना लागू केलं. जागेवर देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नुसता कलमांचा आकडा म्हणजे कारण नव्हे. त्या माणसाने नेमकं काय केलं असं पोलिसांचं म्हणणं आहे, ते त्यात हवं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेची गरजच काय होती, हेही विचार. अशा गुन्ह्यांत सहसा त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस पुरते.

रिमांडची पाच मिनिटं सर्वांत मोलाची. दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे तेच पोलीस उभे असतात, आणि मुलगा मान हलवून "नाही" म्हणतो. म्हणून त्याच्याशी आधी बोल. तळपाय बघ, तळहात बघ, बसताना तो कण्हतो का ते बघ. काही दिसलं तर तोंडी सांगून थांबू नकोस. अर्ज दे, वैद्यकीय तपासणी माग आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ते आलं का ते संध्याकाळी वाचून ये. रोजनाम्यात नसेल, तर वरच्या कोर्टात ते घडलंच नाही असं धरलं जातं.

माणूस सापडतच नसेल तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे त्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी. पण एकदा दंडाधिकाऱ्याने कोठडी दिली की ही याचिका सहसा टिकत नाही. तेव्हा लढाई जामिनाची. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याला, २४ तासांचा नियम लागू नाही, तो विषय वेगळा.

मानवी हक्क आयोगाकडे जरूर जा, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. तरीही नुकसानभरपाईसाठी आणि अहवाल मागवून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

फीचा प्रश्न आला तर लक्षात ठेव, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० वर फोन. कित्येक कुटुंबं दागिने गहाण टाकतात ती केवळ हे माहीत नसल्यामुळे, आणि हे ऐकून दरवेळी जीव तुटतो.

बॅगेत वकीलपत्राचे कोरे फॉर्म, कार्बन आणि शाईचं पॅड कायम ठेव. सही न येणाऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो. रिमांड अकराला असेल तर साडेदहाला कोर्टाच्या आवारात हजर राहा. गाडीतून उतरवल्यापासून कोर्टात नेईपर्यंत तुला त्याच्याशी बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतील. पहिला प्रश्न तोच विचार: घरून किती वाजता नेलं?

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी