अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी: फिल्टर घेण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की हॅचबॅकमध्ये चार चॅनेलचा अ‍ॅम्प आणि सबवूफर बसवल्यापासून इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस दिली की सूर चढतो, आणि दुकानदार नॉइज फिल्टर घ्यायला सांगतोय. फिल्टर एवढ्यात घेऊ नका. आवाज कुठून आत शिरतोय ते आधी शोधा. बहुतेक वेळा त्यानंतर काही विकत घ्यावंच लागत नाही.

सूर रेसबरोबर चढतो म्हणजे उगम अल्टरनेटर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र. तो मुळात एसी बनवतो, डायोड त्याचं डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. रोटर (त्याचा फिरणारा चुंबक) 12 पोलचा आणि पुलीचं गुणोत्तर 2.5 धरलं, तर 900 आरपीएमला ती 1350 हर्ट्झ येते आणि 2000 आरपीएमला 3000. कान याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. लहर प्रत्येक गाडीत असते, तुमच्याकडे तिला ऑडिओत शिरायला वाट मिळालीय एवढंच.

आता सिस्टीम दोन भागांत तोडा. अ‍ॅम्प बंद करून त्याच्या इनपुटमधल्या आरसीए पिना (हेड युनिटकडून, म्हणजे डॅशमधल्या म्युझिक सिस्टीमकडून, सिग्नल आणणाऱ्या केबलचे प्लग) काढा. जुन्या केबलचा प्लग कापून त्याची मधली पिन आणि बाहेरची रिंग एकमेकांना जोडा, असे शॉर्टिंग प्लग अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा (हेड युनिटच्या आउटपुटला कधीच नाही) आणि इंजिन सुरू करा.

शिट्टी तरीही राहिली, तर बघायचं अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा. मला सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. डिकीत सीटबेल्टच्या नाहीतर सीटच्या बोल्टखाली वायर दाबून टाकायची पद्धत सर्रास आहे, आणि त्या बोल्टखाली रंग, सीलंट, काहीही असतं. सीटबेल्टच्या बोल्टला तर हातच लावू नये, तो जिवाचा प्रश्न आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, चासीच्या जाड पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, नीट क्रिंप केलेली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची रिंग) दातेरी वॉशरसह बोल्टने आवळा आणि वरून रंगाचा हात द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरेल. वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड हवी, लांबी दीड फुटाच्या आत. मग गाणं मोठ्याने लावून अ‍ॅम्पचं ग्राउंड टर्मिनल आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर धरा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक.

प्लग लावल्यावर शिट्टी गेली, तर अ‍ॅम्प निर्दोष, दोष सिग्नलच्या बाजूला. चार्जर न लावलेला मोबाइल थेट अ‍ॅम्पला जोडून बघा. तोही स्वच्छ वाजला की दुसरी आरसीए केबल सीटवरून मोकळी टाकून हेड युनिटला जोडा. आवाज गेला तर जुन्या केबलची वाट चुकलीय: पॉवर केबल एका बाजूच्या फूटबोर्डखालून आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची, ओलांडावीच लागली तर काटकोनात. तरीही गेला नाही तर हेड युनिटच्या बॉडीपासून एक वायर तात्पुरती आरसीएच्या बाहेरच्या रिंगला टेकवा. शिट्टी थांबली, तर हेड युनिटच्या आतला आरसीएचा अर्थ तुटलाय. चालू सिस्टीममध्ये केबल ओढल्या की हे होतं.

अ‍ॅम्पवरचा गेनही बघा. तो आवाज वाढवायचा नॉब नाही, अ‍ॅम्प हेड युनिटच्या सिग्नलशी जुळवण्याचा आहे. हेड युनिट 4 व्होल्ट देत असताना गेन पूर्ण फिरवून ठेवला तर संगीताबरोबर कचराही वाढतो.

एवढं करून शिट्टी उरलीच, तर आरसीएच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो. पण त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातो, म्हणून सबवूफरच्या लाइनवर तो शक्यतो नको.

खरखर फक्त एफएमवर येत असेल तर हा सगळा खटाटोप लागू नाही. तेव्हा डॅशकॅम, यूएसबी चार्जर, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलॅम्प एकेक काढून बघा, आणि छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरला 12 व्होल्ट मिळतायत ना तेही. हेड युनिट बदलताना ती वायर बऱ्याचदा लोंबकळत राहते.

आधी शॉर्टिंग प्लगची चाचणी करा आणि शिट्टी राहिली की गेली तेवढं इथे कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.